गोठलेल्या तळ्यावरचा फोटो

इंदूमावशीस ज्योतिरामचा नमस्कार.

समोर बसून बोलाय जमलं न्हाई, म्हनून लिवतोय. टपालात टाकाय धाडस हुईल असं वाटत न्हाई.

लडाखला आमच्या चौकीजवळ एक तळं हाय. हिवाळ्यात ते पार गोठतं. तुमी पलूसला कवा बर्फ बघितला न्हाई, म्हनून सुट्टी असली की तुमचा शंभूराज आनि मी तिथं फोटो काढाय जायचो. काठावरचा बर्फ, त्यात अडकलेलं गवत, सगळं त्यो तुमास्नी धाडायचा.

त्या दिवशी त्याचा मोबाईल माज्या हातात हुता. मागचा डोंगर फोटोत मावंना. मी म्हनलं, "शंभू, जरा मागं सर की गड्या." त्यो हसत दोन पावलं मागं सरला. मी फोटो काढला आनि त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. मी पालथा पडून हात टाकला. माज्या हातात नुसता त्याचा हातमोजा आला.

साहेबास्नी मी सांगितलं, चालताना बर्फ फुटला. मागं सर म्हनल्यालं कुनालाच सांगितलं न्हाई.

परवा तुमच्या घरी आलो, तर भिंतीवर त्योच फोटो, त्याच्या सामानासंगट घरी आलेल्या मोबाईलमधला, हार घातलेला.

"कुनी काढला रं?" तुमी विचारलं.

"मीच, मावशी."

तुमी माजा हात डोळ्यांना लावला. म्हनला, "तुज्यामुळं माजा ल्योक हसताना दिसतोय बघ."

निघताना तुमी म्हनला, "पुढल्या सुट्टीला बी ये."

मावशी, कुठल्या तोंडानं येऊ?

तुमी ल्योक मानलेला,
ज्योतिराम