मामांच्या गाडीतली घूस

शेलूबाजार,
शनिवार, ८ मे १९७६

तीर्थरूप देवमनमामा यांना,

तुमची भाची अंजना हिचा जयभीम. तुमच्या गुडघ्यांना आणि भागिरथामामींच्या दम्याला खंडव्याची हवा मानवत असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, गाडी सोडून.

आधी माझी चूक दुरुस्त करते. मागच्या कार्डात मी तुमच्या गाडीत घूस शिरली आहे असे लिहिले होते. ते खरे नाही. ते साधे उंदीर निघाले. लेंड्या आणि कुरतडलेली गादी एवढेच मी पाहिले होते, आणि तेवढ्यावरून घूस लिहून मोकळी झाले. शाळेत जाण्याच्या आधी तुम्हीच मला आमच्या ओसरीवर बसवून पाटीवर गिरवायला लावले होते, ‘पाहिले तेवढेच लिहावे.’ तो धडा मी मोडला, त्याबद्दल क्षमा असावी.

पण मामा, माझी चूक एवढीच. बाकी जे तुम्ही मला लिहिले आहे, त्याचा मला फार राग आला आहे. ‘तू मला नोकरीतून घालवणार’ असे तुम्ही लिहिता! हिंदीत घूस म्हणजे लाच, हे मला इथे बसून कसे सुचावे? तुमच्या कचेरीतल्या शिपायाने कार्ड वाचले (दुसऱ्याचे कार्ड वाचावेच का?), त्याने बाबूला सांगितले, बाबूने साहेबांना. सध्याच्या आणीबाणीच्या दिवसांत साहेब लोक आधीच घाबरलेले, हे मी समजू शकते. पण मी लिहिले काय होते? नक्कल माझ्याजवळ नाही, तरी पाठ आहे. ‘मामा, तुमच्या गाडीत घूस आहे. डिक्कीत जास्त असावी. उस्मानभाई म्हणतात, वेळेवर बाहेर काढली पाहिजे. शेजाऱ्यांना अजून कळू दिलेले नाही.’ यात गैर काय आहे? (आता पुन्हा लिहिताना थोडे दिसते आहे. पण तेव्हा दिसले नाही.)

साहेबांना दाखवायला म्हणून तुम्ही खुलासा मागितला आहे, तो असा. बदली झाल्यावर तुम्ही तुमची लँडमास्टर गाडी आमच्या टिनाच्या छपराखाली सोडून गेलात आणि लक्ष ठेवायला मला सांगितले. दिवाळीनंतर ती हलली नाही. उंदरांनी मागच्या गादीतला काथ्या काढला, मग वायरींचे रबर खाल्ले. गॅरेजवाल्या उस्मानभाईंनी बॅटरी चार्ज करून लावली, तर हॉर्न आपोआप वाजू लागला आणि थांबेचना. समोरून प्रेमसिंगकाकांची म्हैस दावे तोडून जी पळाली, ती त्यांना थेट मंगरूळपीरच्या रस्त्यावर सापडली. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हैस मी सोडली नव्हती, हॉर्न मी वाजवला नव्हता, तरी राग माझ्यावर!

मग शेजारच्या केशरबाईंनी त्यांची मांजर आणून गाडीत कोंडायला लावली. संध्याकाळी पाहिले तर ती स्टेअरिंगपुढे ऐटीत बसलेली आणि उंदीर मागे आपल्या कामात. केशरबाई म्हणाल्या, “अंजने, माही मांजर तं डायवर झाली वं!” यात हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही.

शेवटी उस्मानभाईंच्या सांगण्यावरून गाडीखाली घमेल्यात लाल मिरच्या जाळल्या. अर्धी गल्ली खोकत होती. उंदीर काही बाहेर आले नाहीत. बाबा आले. दुपारच्या उन्हात थंड लागते म्हणून ते पेपर घेऊन मागच्या गादीवर निजले होते, आणि मी आत पाहिल्याशिवाय घमेले ठेवले. “पोरी, मले जित्ताच धुरी देऊन राह्यली काय?” असे भर रस्त्यात ओरडले. आता बाबा म्हणतात, गाडीत उंदीर नाहीतच, हे सगळे माझ्या डोक्यात आहेत. रोज त्या गादीवर निजणाऱ्या माणसाने असे म्हणावे!

तेव्हा साहेबांनी कृपया समजून घ्यावे की मराठीत घूस हा प्राणी आहे, उंदराहून बराच मोठा, आणि तोदेखील गाडीत नव्हता. माझे मामा स्वच्छ माणूस आहेत. रिठदच्या रामकिसन ठेकेदाराने दिलेले सूटचे कापड त्यांनी तसेच परत केले, ही गोष्ट आमच्या घरात लहान मुलांना सांगतात.

तुमची आज्ञाधारक,
अंजना शेषराव

ता. क. १. साहेबांना सहीपर्यंतच दाखवावे. खालचा भाग आधी फाडून घ्यावा.

ता. क. २. आज सकाळी डिक्कीतली स्टेपनी उचलली. तिच्या खाली उंदरांचे घरटे आहे, आत पिल्ले आहेत, डोळे न उघडलेली. घरटे काथ्याचे नाही. राखी रंगाच्या, लाल किनारीच्या उंची कापडाचे आहे. रामकिसन ठेकेदाराच्या सूटच्या कापडाचे मामींनी वर्णन केले होते अगदी तसेच. अर्धे कापड अजून घडीत आहे, दुकानाच्या चिठ्ठीसकट. आईने पाहिले, पदर सारखा केला आणि आत गेली. बाबा म्हणाले, “उंदराच्या घरात कायले हात घालतं?” तुम्ही परत द्यायला म्हणून ठेवले आणि बदलीच्या धांदलीत विसरलात, असे मी धरून चालले आहे. पण ते मी पाहिलेले नाही, म्हणून लिहू शकत नाही. तोवर ‘तुमच्या गाडीत घूस आहे’ या कार्डातल्या वाक्याची वर केलेली दुरुस्ती राखून ठेवते.

ता. क. ३. तुम्ही काय केले होते तेवढेच मला कळवा. कार्डावर नको, पाकिटात. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्यांच्या वाट्याचे कापड त्यांच्याजवळच राहील. उरलेले मी धुऊन, इस्त्री करून ठेवले आहे. तुमचे पाकीट आले तरी आणि न आले तरी, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी १४ तारखेला, सकाळच्या एसटीने मी ते रिठदला रामकिसनजींच्या हातात देणार आहे.