कळसला निघालेल्या गाडीचं आख्यान

अहो, चहा घेऊन जरा जवळ बसा, एक छोटं आख्यान सांगते.

बारामतीत विमल नावाची एक बाई राहत होती. तिची आई तिकडं कळस गावी अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी बाई म्हणायची, "आईला भेटून येऊ." नवरा म्हणायचा, "गाडीच्या इंजिनचं ऑइल गळतंय गं. वाटेत बंद पडली तर? बघू पुढच्या रविवारी." कीर्तनातला शब्द न् शब्द खरा मानणारी ती भोळी बाई, नवऱ्याचाही मानत राहिली. आई गेली.

काल नवरा म्हणाला, "दहाव्याला तू एसटीनं जा. गाडीचा भरवसा नाही."

मग तिनं विठ्ठल विठ्ठल म्हणत थंड इंजिन पुसलं, वर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवली. वरच्या झाकणाच्या कडेला पावडर ओली झाली, म्हणजे गळती तिथलीच. आतलं रबरी पॅकिंग कडक पडलं असणार. पाना शोधायला डिकी उघडली, तर स्टेपनीखाली त्याच झाकणाचं नवं पॅकिंग! पाकीट न फोडलेलं, वर बोटभर धूळ. तिनं ते बसवलं. तासाभराचं तर काम. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, आज सकाळी तो कोरडा होता.

ती गाडी घेऊन दहाव्याला गेली आहे. भाकरी या चिठ्ठीशेजारच्या टोपलीत आहे, आमटी गरम करून घ्या.

आणि जेवताना तुमच्या सासूबाईंना तेवढं आठवा. याच गाडीला हळदकुंकू लावून चाकाखाली लिंबू त्यांनीच ठेवलं होतं. शेवटपर्यंत दाराकडं बघून विचारत होत्या, "जावईबापू निघालं व्हय?"