दादानं माझं नाव गाळलं

५ मार्च १९९८, गुरुवार
दसरूदादानं आज मोहाखालचा पालापाचोळा जाळला. माझ्या वाटणीच्या मोहाखालचा! फुलं पडायच्या आधी जो बूड साफ करते, झाड त्याचं. लहान पोराले बी माहीत आहे हे. मी बांधावर उभा होतो. त्यानं पाह्यलं अन् आग आणखी पसरवली. सख्खा मोठा भाऊ! बायको, मैनी, म्हणाली, घरी चला. आलो. भात गिळवला नाई.
बाप्तिस्मा घेतल्याले दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी मोहाच्या पंडुमात, म्हणजे सणात, पहिलं फूल देवाले देताना, दादानं घरातल्या सगळ्या माणसांचं नाव घेतलं. मेलेल्या बाबाचंही घेतलं. मले गाळलं. ज्याचं नाव नाई, त्याले फूल नाई. जित्तेपणी मारलं मले.

८ मार्च, रविवार
एटापल्लीहून पास्टरभाऊ आले, सायकलनं. उपासनेनंतर सांगितलं त्यांले. म्हणाले, "रोज प्रार्थनेत भावाचं नाव घे."
म्हटलं, घेतोच की! त्याचे हातपाय मोडावे म्हणून.
हसले नाई. "त्याचं भलं माग. मनात येवो ना येवो, एक दिवस चुकवू नको."
यांचं काय जाते सांगायले? मोह यांचा गेला काय?

९ मार्च
घेतलं नाव. प्रभू, दसरूदादाचं भलं कर.

१० मार्च
घेतलं. पाठोपाठ शिवी निघाली. प्रार्थना बाद झाली म्हणून पुन्हा केली.

१२ मार्च
प्रभूनं ऐकलं! फॉरेस्ट गार्ड गावात, चोरीचं सागवान शोधून राह्यला. माझ्या अंगणात बसला, पाणी पेला. म्हणे, "तू येशूवाला. तू खोटं बोलत नाही, असं गाव म्हणते. सांग, भावाकडे माल आहे का?"
आहे. तणशीच्या ढिगाखाली फळ्या आहेत. मायच्या खोलीले दार नाई, त्यासाठी आणल्या त्यानं. एक शब्द, अन् दादा गाडीत!
पण एवढ्यात कशाले? झाडाखाली फुलांचा सडा पडू दे, अन् वेचायले दादा नसू दे. म्हटलं, "साहेब, पंडुम होऊन जाऊ द्या. मग सांगतो." त्याले पुढच्या गावी जायचं होतं. मंगळवारी येतो म्हणाला.
पोटभर जेवलो आज.

१३ मार्च
मैनीनं आतून सगळं ऐकलं होतं. म्हटलं, खरं बोलणं पाप काऊन? म्हणाली, "खऱ्याची एवढी हौस कधीपासून?"
प्रा. केली. दादाचं भलं मागितलं. जेलात बी भलं होत असंल माणसाचं.

१५ मार्च, रविवार
पंडुम झाला. इकडे आमची उपासना, तिकडे ढोल. गाण्यात लक्ष नाई. पास्टरभाऊच्या डोळ्याले डोळा दिला नाई. त्यांनी विचारलं असतं तर...

१६ मार्च
माय आली. बाप्तिस्म्यापासून माझ्या अंगणात पाय ठेवला नव्हता तिनं. ओट्यावर बसली. म्हणाली, "काल दसरूनं तुझं नाव घेतलं. बाबाच्या मागं लगेच. पुजारी अडवून राह्यला होता, तरी घेतलं." फुलं वेचायची रिकामी टोपली ठेवून गेली.
गार्डले माझ्या अंगणात बसलेलं अख्ख्या गावानं पाह्यलं. भ्याला म्हणून घेतलं त्यानं! मैनीले तेच म्हटलं.
"असंल. तुम्ही तरी त्याचं नाव प्रेमानं घेऊन राह्यले काय?"
असा राग आला! टोपली लाथाडली. मग उचलून ठेवली. मले नाव नको आता. मले तो गाडीत बसलेला पाह्याचा आहे.

१७ मार्च, मंगळवार, सकाळी
प्रा. केली, नाव घेतलं. चुकवली नाई, एवढंच.
इथून मोह दिसते. दादा वाकून वेचून राह्यला. अर्ध्याच बुडातली फुलं वेचते, माझ्या घराकडची अर्धी तशीच ठेवते. एकदा वर पाह्यलं त्यानं. मी टोपली घेऊन उठलो.
रस्त्यावर जीप वाजली. गार्ड आला. मी खोटं बोलत नाई, हे त्याले माहीत आहे. दादाले बी माहीत आहे.