टॅनर्स बेंड गावाचे तीन वसंत ऋतू

दिनांक : ६ मार्च २०२५

प्रति,
माननीय अध्यक्ष,
शाळा व्यवस्थापन समिती,
नवप्रकाश भारतीय विद्यालय, मस्कत.

विषय : इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी नूरैन जाफर मुकादम हिच्याकडून लिहून घेतलेले माफीपत्र परत मिळण्याबाबत.

संदर्भ : पर्यवेक्षक महोदयांशी वेळोवेळी झालेल्या भेटी व त्यांना दिलेले अर्ज. (लेखी उत्तर एकाही अर्जाला मिळालेले नाही.)

महोदय,

मी, समरीन जाफर मुकादम, राहणार वादी अदाई, अल् खुवैर येथील एका कंपनीत हिशेब विभागात नोकरीस असून वरील विद्यार्थिनीची आई आहे. माझे माहेर गुहागर तालुक्यातील असून दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आहे. ही बाब सुरुवातीलाच का नमूद केली, ते पुढे आपल्या ध्यानात येईल.

१. मराठी पंधरवड्यानिमित्त आपल्या शाळेने सातवीच्या मुलांना एक उपक्रम दिला. इंटरनेटवरील मराठी ज्ञानकोशात परदेशी गावांवरचे पुष्कळ लेख वाईट भाषेत आहेत, प्रत्येक मुलाने त्यांपैकी एक सुधारावा, असा तो उपक्रम होता. कल्पना चांगली होती, हे मी मान्य करते. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा नूरैनला टॅनर्स बेंड हे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातले नदीकाठचे लहानसे जुने गाव आले.

२. तो लेख म्हणजे यंत्राने इंग्रजीवरून केलेले भाषांतर होते आणि चिकटवणाऱ्याने ते एकदाही वाचलेले नव्हते. इंग्रजीत झऱ्याला आणि वसंत ऋतूला एकच शब्द असल्याने गावात 'तीन वसंत ऋतू असून त्यांचे पाणी गोड आहे' असे लिहिले होते. पुरात नदीचे दोन्ही काठ पाण्याखाली गेले, तिथे 'गावाच्या दोन्ही बँका बुडाल्या' असे होते. पाणचक्कीला पाणी नेणाऱ्या पाटाला इंग्रजीत शर्यतीचाच शब्द असल्याने त्याची तर 'गिरणीची शर्यत' झाली होती.

नूरैन मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते. घरी आमची कोकणी बोली आणि मराठी चालते, पण मराठी लिहिताना ती अडखळते. तिने लेख वाचून मला विचारले, "अम्मी, तिथे तीन-तीन वसंत ऋतू, मग थंडी कधी पडते?" तिथून आमचे काम सुरू झाले. तिने त्या गावच्या छोट्या संग्रहालयाला ईमेल लिहिली. तिथे काम पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी चक्कीचा आणि शेजारून वाहणाऱ्या पाण्याचा फोटो पाठवला. फोटो पाहून मी म्हटले, हा तर आपल्या नारळी-पोफळीच्या आगरातल्यासारखा पाट. तिने 'पाट' लिहिले. पुलावर छप्पर होते म्हणून 'छपराचा पूल' हा शब्द तिने स्वतः केला. एकेक वाक्य ती मोठ्याने वाचून पाही आणि कानाला खटकले की पुसून टाकी. मुलगी आपल्या भाषेत अशी रमलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

३. नवा मजकूर आधी ज्ञानकोशात चढवावा आणि तोच प्रकल्पात लिहून द्यावा, ही सूचना मराठीच्या शिक्षिका प्रेमा मॅडम यांची होती. नूरैनने तंतोतंत तसे केले. त्यानंतर मॅडमनी तिचा प्रकल्प नक्कल शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातला. वर्गातला फक्त तिचाच घातला, कारण त्यातली मराठी संशय येण्याइतकी चांगली होती, असे त्यांनीच मला सांगितले. प्रोग्रॅमने निकाल दिला की मजकूर ज्ञानकोशातील लेखाशी पूर्ण जुळतो. नूरैनला शून्य गुण देऊन वर्गापुढे उभे करण्यात आले.

४. मी भेटीस गेले. मजकूर जुळतो कारण दोन्हीकडे तो तिनेच लिहिला आहे, असे मी सांगितले. मॅडम म्हणाल्या, "असं सगळेच पॅरेंट्स म्हणतात. आणि तुमच्यात घरी उर्दू बोलतात ना? मग पाट, छपराचा पूल, असले शब्द ही कुठून आणणार?" मी म्हटले, गुहागरहून. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, पण एवढी प्युअर मराठी..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. त्याची गरजही नव्हती. लेखात कोणी, केव्हा, काय बदलले हे ज्ञानकोशाच्या पानावरच दिसते. ते मी मोबाइलवर दाखवले. "ते टेक्निकल मला कळत नाही, सरांना भेटा," असे उत्तर मिळाले.

५. पर्यवेक्षक रामकृष्ण सरांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तोडगा काढला. "आपण तो लेख पहिल्यासारखा करून टाकू. मग मॅच येणारच नाही. खलास." त्याच दिवशी शाळेच्या खात्यावरून नूरैनचा मजकूर काढून जुना लेख परत बसवण्यात आला. प्रकल्प पुन्हा तपासला आणि खरोखरच काही जुळले नाही. तेव्हा मॅडमनी त्यावर लाल शाईने शेरा मारला : 'माहिती ज्ञानकोशाशी जुळत नाही. झरे कुठून आले? वसंत ऋतू हवे.' शून्य कायम राहिले.

६. मी लेख दुरुस्त केला. शाळेने तो पुन्हा बिघडवला. मी पुन्हा दुरुस्त केला, शाळेने पुन्हा बिघडवला. ही ओढाताण पाहून ज्ञानकोशाच्या व्यवस्थापकांनी ते पान सर्वांसाठी बंद केले. बंद झाले त्या क्षणी पानावर शाळेची प्रत होती. आता तिथे तीन वसंत ऋतू कुलपात आहेत.

७. मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात हाच बिघडलेला लेख 'ज्ञानकोशातील आदर्श उतारा' म्हणून व्यासपीठावरून वाचण्यात आला. गावाच्या दोन्ही बँका बुडाल्याचे ऐकून प्रमुख पाहुण्यांनी, जे स्वतः बँकेत अधिकारी आहेत, भाषणात हळहळ व्यक्त केली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. नूरैन माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. त्या सभागृहात मला जे वाटले त्याला अर्जाच्या भाषेत शब्द नाही. साध्या मराठीत त्याला शिसारी म्हणतात.

८. त्यानंतरच्या रविवारी, आठवड्याची शाळा सुरू होताच, सरांनी नूरैनला एकटीला केबिनमध्ये बोलावून तिच्याकडून लिहून घेतले की, 'मी ज्ञानकोशात खोटी माहिती घातली, याबद्दल क्षमस्व.' मला कळवले नाही. शाळा सुटल्यावर गाडीत बसल्यावर तिनेच सांगितले. मी विचारले, सही का केलीस. ती म्हणाली, "सर बोलले, एवढं लिही, मग अम्मीला पुन्हा पुन्हा यायला नको. तू ऑफिसातून सुट्टी घेतेस ना." बारा वर्षांच्या मुलीच्या मायेचा असा उपयोग करून घेणाऱ्या माणसाला मी तीन वेळा 'सर' म्हणून नमस्कार केला, याची आता मला लाज वाटते.

९. माझे पती जाफर यांचे बरका येथे दुकान आहे. ते म्हणाले, "कशाला अर्ज करतेस? गुणांसाठी रडतेय असं वाटेल त्यांना." म्हणून स्पष्ट करते की मला गुण नकोत, सत्कार नको, कोणाची बदलीही नको. माफीपत्र माझ्या हाती परत द्यावे आणि ते पान खुले करण्याबाबत शाळेने ज्ञानकोशाला स्वतः लिहावे, एवढेच मागणे आहे. टॅनर्स बेंडच्या त्या वृद्ध गृहस्थांनी लेख झाला का, अशी दोनदा विचारणा केली आहे. त्यांना काय कळवावे, हे समितीने मला सांगावे.

१०. समितीच्या माहितीसाठी एक बाब नमूद करते. पुढील वर्षापासून नूरैनने मराठी सोडून फ्रेंच घेतली आहे. हा निर्णय तिचा आहे. मी विरोध करून पाहिला. काल विषय बदलण्यासाठी आम्ही कार्यालयात गेलो असता तेथील क्लार्कने आपुलकीने विचारले, "बेटा, मराठी का सोडतेस? जड जाते का?" ती म्हणाली, "नाही सर. चांगली येते, म्हणून." त्यांनी संगणकावर विषय सोडण्याच्या कारणांची यादी पाहिली. तसा पर्याय तिथे नव्हता. त्यांनी 'जड जाते' यावर खूण केली आणि मी सही केली.

आपली, अर्जाच्या रीतीपुरती नम्र,

(सही)
समरीन जाफर मुकादम
वादी अदाई, मस्कत