महायुद्धाची पाच कारणं

बाई,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण तुमच्यावर धरला नाही तर कुणावर धरू, हेही कळत नाही. शुक्रवारी मला माझ्या लेकीच्या शाळेत जायचंय. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून तिच्या वर्गातली मुलं पालकांसमोर बोलणार आहेत, आणि तिच्या बोलण्याच्या शेवटी मी येणार आहे, मी आणि तुम्ही. त्यात एक गडबड आहे. ती गडबड या जगात फक्त तुम्हाला कळली असती. म्हणून सिंगापुरात, हार्बरफ्रंटला ऑफिसखालच्या बाकावर, जेवणाचा डबा बाजूला ठेवून हे लिहितेय. समोर फेरीसाठी माणसांची रांग लागलीय आणि माझ्याकडे पाऊण तास आहे.

तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित. साताऱ्याकडच्या आपल्या शाळेत तुमच्या हाताखालून इतक्या मुली गेल्या. मी दुसऱ्या बाकावरची, रविवारी तुमच्या घरी यायची ती. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही पोळ्या लाटताय, तव्याकडे एक डोळा आणि माझ्याकडे एक, आणि मी ओट्याला टेकून पाठ म्हणतेय. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त तह, राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण. क्रम चुकला तर तुम्ही लाटणं पोळपाटावर आपटायचात. पहिल्या अक्षरांचा 'सालगुराता' असा मंत्र तुम्हीच करून दिला होता. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे तात्कालिक कारण, ठिणगी. बाकीची चार म्हणजे दारूचं कोठार. बस, एवढ्यात महायुद्ध संपायचं आणि तुम्ही मला पहिली गरम पोळी तूप लावून द्यायचात. इतकी मऊ पोळी मला आजही जमत नाही. राग असला तरी हे कबूल करायला हवं.

आता ती चकती. तुम्ही ती एकदाच पाहिलीत, आणि पाहिलीत असंही म्हणता येणार नाही. आमच्या घरी पितळेसारख्या धातूची, तळहाताएवढी जड चकती होती. तिच्यावर सिंह, हातात पानांचं कडं घेतलेली एक बाई, आणि इंग्रजी अक्षरांत माझ्या पणजोबांचं नाव. ते पलटणीतून बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. आजोबा तेव्हा पोटात होते. सरकारनं माणसाच्या बदल्यात ती चकती धाडली. घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, आणि एवढी जड वस्तू नुसती ठेवायची कशाला, म्हणून लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा बांधला की वर ती दाबायला ठेवत. नववीत मला अक्षरं लावता यायला लागली तेव्हा मी एका दुपारी ती पुसून वाचली. हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, असं तिच्यावर होतं. मी वडिलांना विचारलं, कुणाच्या स्वातंत्र्यासाठी? ते म्हणाले, "मला काय ठाऊक? थोरला भाऊ आधी पलटणीत गेलेला, म्हणून हेही गेले. तुझ्या बाईंना विचार."

म्हणून मी विचारलं. दप्तरातून चकती काढून तुमच्या टेबलावर ठेवली. तिला लोणच्याचा वास येत होता, पोरी नाकाला ओढणी लावून हसल्या. तुम्ही ती हातात घेतली नाहीत. म्हणालात, "हे अभ्यासक्रमात नाही. घरी ने, हरवेल." तरीही मी सहामाहीच्या पेपरात पाच कारणांखाली सहावं लिहिलं. थोरला भाऊ गेला म्हणून धाकटा गेला. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल तिरकी रेघ होती, शेजारी 'विषयांतर', आणि दोन गुण कमी. वर वर्गात उभं करून म्हणालात, "परीक्षकाला तुमच्या घरच्या कहाण्या नको असतात. मुद्दे हवे असतात." मी पेपरची घडी घालून खाली बसले.

बाई, मी आज तुम्हाला विचारते, ते विषयांतर होतं? ऑस्ट्रियानं सर्बियाचा गळा धरला. सर्बियाच्या पाठीशी रशिया म्हणून रशिया उठला. रशिया उठला म्हणून ऑस्ट्रियाचा दोस्त जर्मनी उठला, रशियाचा दोस्त म्हणून फ्रान्स, वाटेत बेल्जियम तुडवला गेला म्हणून इंग्लंड, आणि इंग्लंड उठलं म्हणून कुणी न विचारता आपण. तो गेला म्हणून हा गेला, यापलीकडे त्या गुप्त तहांत होतं काय? माझ्या पणजोबांनी तेच केलं, फक्त त्यांच्याकडे तहाचा कागद नव्हता. आणि तुमच्या 'युद्धाची वाटचाल' या चार ओळींत बसऱ्याचं नाव नव्हतं. मी इथे आल्यावर लायब्ररीत वाचलं. बसऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या एका गावात फौज पाच महिने वेढ्यात अडकली होती, आपल्या भागातली माणसं त्यात होती. धान्य संपलं तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली, आणि किती जण धर्म बुडेल म्हणून उपाशी राहिले. आजारी माणसांना न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या. पणजोबा त्यात होते की नव्हते, मला सांगता येत नाही. पण हे सगळं मला चाळिशी ओलांडल्यावर कळावं? आणि तेही इथल्या हौगांग भागातल्या उन्हात दोन बस बदलून लायब्ररीत गेल्यावर?

खरं तर त्या युद्धाचं मला जे सगळ्यात जास्त लागलं ते इथल्या माझ्या कामामुळे. मी जहाजांची वेळापत्रकं लावणाऱ्या विभागात आहे. लायब्ररीतच वाचलं की लढाई सुरू व्हायच्या वेळी जर्मनीच्या बादशहानं म्हणे सेनापतीला विचारलं, फौज फक्त पूर्वेकडे वळवता येईल का? सेनापती म्हणाला, नाही. आगगाड्यांची वेळापत्रकं वर्षानुवर्षं खपून बसवली आहेत, आता बदलली तर फौजेचा नुसता जमाव होईल. मी ते पान पुन्हा वाचलं, बाई. कारण त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये एका नवीन मुलीनं विचारलं होतं की हे एक जहाज थांबवता येणार नाही का, आणि मी तिला जवळजवळ त्याच शब्दांत गप्प केलं होतं. वर साहेबांनी मान डोलावली, म्हणून मला बरंही वाटलं होतं.

तर लेकीकडे येते. पंधरा वर्षांची आहे, इथेच वाढली. मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत येतं, वाक्याच्या शेवटी इथलं लाह, मेह जोडून. दोन महिन्यांपूर्वी तिला शाळेतून प्रश्न आला, या युद्धाला सर्वांत जबाबदार कोण? भूमिका घ्या आणि पुरावे द्या. मला काय आनंद झाला! गणितात तिनं मला केव्हाच मागे टाकलंय, पण हे तर माझ्या तोंडपाठ. रविवारी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सालगुराता सुरू केलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आई, धिस इज जस्ट अ लिस्ट लाह. हू डिड इट?" मी म्हटलं, "कुणी एकानं नाही केलं गं, परिस्थितीच तशी होती." ती म्हणाली, "परिस्थिती कॅन शूट, मेह?" माझ्या वडिलांशी व्हिडिओवर बोलून तिनं पणजोबांवर एक परिच्छेद लिहिला होता, चकतीसकट. मी तो वाचला. आणि बाई, माझ्या हातात पेन होतं. मी त्यावर तिरकी रेघ मारली आणि म्हटलं, "घरच्या गोष्टी नकोत. मार्क जातील."

तिनं माझ्या मनासारखं लिहून दिलं. पाच मुद्दे, पाच उपशीर्षकं, प्रत्येकाखाली रेघ. तिच्या शिक्षकांनी खाली लिहिलं, मांडणी नीटनेटकी आहे, पण यात तू कुठे आहेस? मार्क जेमतेम. लेक भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. त्यानंतर आठ-दहा दिवस तिनं मला एकही वही दाखवली नाही. विचारलं की "ओके लाह" म्हणायची. घरात माझ्याशी कुणी इतक्या सभ्यपणे वागलं नव्हतं. मला ते सहन होईना.

म्हणून एका संध्याकाळी जेवताना मी तिला तुमची गोष्ट सांगितली. चकती, लोणच्याचा वास, हसणाऱ्या पोरी, लाल रेघ, सगळं. ती जेवायची थांबली. "देन? यू जस्ट कीप क्वाएट, आह?" आणि तिच्या तोंडावर अशी काही निराशा दिसायला लागली की मी पुढचं बोलून गेले. म्हटलं, "छे! दहावीच्या बोर्डाच्या पेपरात मी परत सहावं कारण लिहिलं. बाईंच्या नाकावर टिच्चून." ती एकदम हसली. टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर टाळी दिली. कितीतरी दिवसांनी.

आता तिचा विषय तोच झालाय, नाही म्हणणारी माणसं. याच शहरात त्या युद्धात एका हिंदी पलटणीनं बंड केलं होतं. पलटण मुसलमानांची, आणि आपल्याला आपल्याच धर्माच्या तुर्कांशी लढायला पाठवणार अशी आवई उठली होती. पकडलेल्यांना तुरुंगाच्या भिंतीपाशी उभं करून लोकांदेखत गोळ्या घातल्या. तिनं ते सगळं शोधून काढलंय. "दे ऑल्सो किल्ड पीपल, आई, सो नॉट सो सिंपल," असंही मला बजावलंय. मग ती विचारणार आहे की आमच्या खापरपणजोबांनी 'नाही' का म्हटलं नाही, म्हणता आलं असतं का. आणि शेवटी, आमच्या घरात पहिल्यांदा नाही म्हणणारं माणूस म्हणजे माझी आई, असं ती म्हणणार आहे. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला वाचून दाखवलं.

बोर्डाच्या पेपरात मी पाचच कारणं लिहिली, बाई. क्रमानं, पट्टीनं रेघा मारून. तुम्ही तिथे नव्हता. परगावचं केंद्र होतं, पर्यवेक्षक दाराशी उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते, आणि माझ्याकडे वीस मिनिटं उरली होती. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. मी पुरवणीला दोरा बांधला आणि घंटेची वाट पाहत बसले. इतिहासात शाळेत पहिली आले. तुम्ही पेढा भरवलात आणि एक नकाशांचं पुस्तक दिलंत. घरी येऊन मी त्यात बसरा शोधलं. तुम्ही काही खूण केली असेल, म्हणून ते पान उजेडाकडे धरूनही पाहिलं. काही नव्हतं. आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडत आले, कारण ते सोपं होतं.

आज सकाळी आम्ही एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत बरोबर चालत गेलो. तिनं विचारलं, "फ्रायडे यू कमिंग, राइट? फ्रंट रो हं." सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं, स्टेशन अजून पाच मिनिटं लांब होतं. मी म्हटलं, येणार. हा कागद मी कुठे धाडणार, तुमचा पत्ता कसला आता. हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.