तार, पेडल आणि धाकट्याची दोन बोटे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्यांसाठी थर्माकोलची अक्षरे कापण्याचा, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. आधी केलेले मृत्युपत्र मुलाशी मारामारी झाली त्या दिवशी मीच फाडले. आता हेच खरे मानावे.

१. राहते दोन खोल्यांचे घर सुनेला द्यावे, मुलाला नाही. गेल्या वर्षी त्याने तिच्यावर हात उचलला, मी मध्ये पडलो, तेव्हा नळाचा पाइप माझ्या खांद्यावर बसला आणि हाड मोडले. तो पाइप मी धुऊन दाराआड ठेवला आहे. मुलाला तेवढा द्यावा. हा राग त्याने कुठून घेतला हे शोधायला लांब जावे लागत नाही.

२. बँकेतली ठेव नातीला. शेजारच्या सुताराने एकदा माझे पुढचे दोन दात पाडले होते, म्हणून त्याचा रंधा मी आजवर अडकवून ठेवला. तो आज सकाळीच परत केला. "दात काही परत देता येणार नाहीत," असे म्हणून हसला मेला. साक्षीला यायला मात्र तयार झाला.

३. कापायचे यंत्र. हे मी आणि धाकट्या भावाने घरीच बनवले. लाकडी चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार, म्हणजे विजेने तापून थर्माकोल कापणारी, एका टोकाला स्प्रिंग, कारण तार तापली की लांबते आणि सैल पडली की अक्षर वाकडे येते. वीज जुन्या बॅटरी चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, कमीजास्त करायला डिमर. तार लाल होऊ द्यायची नाही, नुसती तापवायची. खोक्यावर लाल दिवा आहे, तारेत वीज असेल तेव्हाच लागतो. खाली शिलाई मशीनच्या पेडलमध्ये बसवलेले बटण. पाय असेपर्यंत वीज, पाय उचलला की बंद. पेडल धाकट्याच्या डोक्यातून आले. "दादा, दोन्ही हात कामात असतात, बंद करायला पाय तरी हवा," असे तो म्हणाला होता. हे यंत्र त्याला द्यावे.

४. आता जे लिहितो ते बावीस वर्षे मला खाते आहे.

त्या दिवशी दुपारी धाकटा म्हणाला, "मी वेगळं दुकान टाकतो. गिऱ्हाईकं तशीही माझ्याच हातचं मागतात." ते खरे होते, म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या मुस्कटात मारली. त्याने चौकट उचलून माझ्या तोंडावर हाणली, त्यात तार तुटली. भुवईतून रक्त येत होते. मग तोच शांत झाला. "भांडण नंतर, ऑर्डर आधी," म्हणाला आणि नवी तार बसवायला बसला. तारेचे टोक उजव्या हाताच्या दोन बोटांना गुंडाळून स्प्रिंग ओढायची, ही आमची दोघांची पद्धत. प्लग काढायची सवय कोणालाच नव्हती.

मी डिमर पूर्ण फिरवला आणि पेडल दाबले. तार लाल झाली, बोटांत रुतली, मांस जळल्याचा वास आला. पाय उचलायला काही लागत नाही. मी चारपर्यंत मोजले.

डॉक्टरांनी दोन्ही बोटे काढली. मी सगळ्यांना सांगितले की पेडलमध्ये थर्माकोलचा तुकडा अडकला होता, आणि झाडलोट धाकट्याकडे असते. तुकडा मीच नंतर खोचला. त्याने झाडले नाही म्हणून स्वतःलाच बोल लावला असेल. वेगळे दुकान राहिलेच. तेव्हापासून तार मी बसवतो आणि तो समोर बसतो.

माझी बायको हे न कळताच गेली. मला माफी नको. त्याने मला मारले तरी मी हात वर करणार नाही. चूक त्याची नव्हती, एवढे त्याला कळावे.

वकील सांगतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून धाकट्याने हे आधी वाचावे. यंत्र हवे असेल तर सही करू नये, मी दुसरा माणूस आणीन.

ठिकाण: आमचे दुकान, कापायचे टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळ
सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार १: शेजारचा सुतार. सही समोर केली, पाहिली.

साक्षीदार २: धाकटा भाऊ, डाव्या हाताने. वाचलं. यंत्र नको, म्हणून सही करतो. तार गुंडाळली तेव्हा लाल दिवा बंद होता, मग लागला, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं; तुकडा अडकला असता तर तो आधीच लागलेला असता. वहिनीसाठी गप्प बसलो. त्यानंतर बावीस वर्षं दादा बोटांना तार गुंडाळून बसायचा, तेव्हा पेडलवर पाय माझा असायचा. रोज वाटायचं. कधी दाबलं नाही.