तेरा तोडण्याआधी

२६ जून, गुरुवार
चहा सोडून चौथा दिवस. डोकं ठणकतंय, आणि दोष कुणाला देणार? मीच पेपरातल्या माझ्या सदरात जाहीर केलंय की चाळीस दिवस नाशिक जिल्ह्यात पिकलेलंच खाणार. चहा आसामचा, म्हणून बंद. बाल्कनीतली गवती चहाची पात उकळून पिते. सुधीर समोर बसून स्वतःचा कप भरतो नि विचारतो, "मीठ कुठलं गं? निफाडचं?"
मीठ माफ, असं ठरवलं. नवऱ्याला माफी नाही.

२८ जून, शनि.
सकाळी पेठ रोडला, हिराबाईकडे. तीन वर्षं तिच्याकडून रानभाज्या घेते. पेठच्याही पुढून पहिल्या गाडीनं येते, पोतं अंथरून बसते. माझं निम्मं सदर तिच्या तोंडचं.
आज फोडशी होती. मी तेरा मागितला, म्हणजे त्यांच्याकडचं रानातलं अळू.
"आता नाय ताई. गावाचा तेरा झाल्याबिगर पानाला कोणी हात लावत नाय."
"कधी असतो हा सण?"
"गाव बसंल, मंग ठरंल. देवाला दाखवायचा नि सगळ्यांनी एकाच दिशी खायचा."
का, तर तोवर पान मोठं होतं, खाली गड्डा धरतो. किती साधं आणि किती शहाणपणाचं! आपण बाजारात पहिली कैरी दिसली की तुटून पडतो. करायची रीत मात्र तिनं सगळी सांगितली, आंबट कधी, उकळ्या किती. "नायतर घसा खाजून मरशील."
घरी येऊन तीन पानं लिहिली. आता फक्त भाजी हवी.

३ जुलै, गुरु.
सदर द्यायचा दिवस. तेरा नाही. दुसरा विषय सुचेना. शेवटी मखमलाबादच्या भाजीवालीकडून काळ्या देठाचं अळू आणलं, हि.च्या रीतीनं केलं. फार छान झालं. फोटो काढला. सोबत हि.चा मागच्या वर्षीचा, जुडी हातात घेतलेला.
लिहिलं, 'हिराबाईंनी आणलेला तेरा'. तीन शब्द. नाहीतर लेखच उभा राहत नव्हता.

६ जुलै, रवि.
पुरवणीत आला. दिवसभर फोन. कॉलेजरोडच्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे आपली माती कळते हो." मी फुगले.
सुधीर पेपर ठेवून म्हणाला, "तेरा कधी आणलास? मी तर अळू खाल्लं."
मी उठून भांडी घासली.

९ जुलै, बुध.
पेठ रोडला हि.ची जागा रिकामी. शेजारची भेंडीवाली म्हणाली, दोन दिवस आली नाही, गावात काहीतरी झालंय. लोक सारखे येऊन तेरा मागतात म्हणे.


१० जुलै, गुरु.
आली होती. पोतं अंथरलेलं, पण माल थोडाच. तिच्या पुतण्याच्या मोबाइलवर माझा लेख पोचला. तिचं नाव, तिचा फोटो, हातात जुडी. गाव बसलं. हिराबाईनं सणाआधी तेरा तोडला, वर शहरात विकला! यंदा तिच्या घरचं पान देवाला घ्यायचं का नाही, यावर बोलणं चालू आहे.
ओरडली असती तर बरं झालं असतं. जुड्यांवर पाणी मारत म्हणाली, "मी तोडला नाय हे तुला ठावं, मला ठावं. गावाला कोण सांगंल?"
मी सांगते म्हटलं.
"कागदावर लागलंय ताई. कागदावरच पुस."
दुपारी संपादकांना फोन. "खुलासा? अळूच्या भाजीचा? वाचक हसतील हो. आणि उद्या विचारतील, बाकीच्या भाज्या तरी खऱ्या का?"
खरंच विचारतील. सहा वर्षांचं सदर आहे. रात्रीपर्यंत लाज वाटत राहिली, आणि भीतीही. कशाची जास्त, ते कळेना.
पूर्ण कबुली लिहून पाठवली.

१३ जुलै, रवि.
छापलं. शब्दकोड्याखाली, दोन ओळी. 'गेल्या आठवड्यातील पाककृतीत घरगुती अळू वापरले होते.' हि.चं नावच नाही! सं. म्हणतात, जागा नव्हती. जागा नव्हती म्हणे. खालचं अर्धं पान सोफ्याच्या जाहिरातीचं.

१५ जुलै, मंगळ.
पेठची एसटी, पुढे काळी-पिवळी. गावात समाजमंदिराच्या ओट्यावर दहाबारा माणसं. हि. खांबाला टेकून. मी उभी राहिले आणि सांगितलं, तेरा हिराबाईनं आणला नव्हता, मीच खोटं लिहिलं.
मग एका म्हातारीनं विचारलं, "मंग ते शहरातलं अळू लागलं कसं?"
"चांगलं लागलं."
"खाजलं नाय?"
"नाही."
"आंबट काय घातलं?"
त्यावर पाच मिनिटं चर्चा! गावकारभारी शेवटी म्हणाले, "बाईनं इथं येऊन सांगितलं, बरं केलं. पण ते पेपरात हाय, हे तोंडी हाय. बघू." हि.च्या पानाचं काय, ते बोललेच नाहीत.
निघताना तेच म्हणाले, "रविवारी तेरा हाय. ये खायला."

२० जुलै, रवि.
गेले. वही मुद्दाम घरी ठेवली. देवापुढे टोपलीत सगळ्या घरांची पानं एकत्र. त्यात हि.चं आहे का, मी डोळे ताणून पाहिलं. पानावर नाव थोडंच असतं! विचारायचा धीर झाला नाही.
पंगतीत हि.नंच वाढलं. वर कोरा चहा, गूळ घातलेला. नाही म्हणवेना. सत्तावीस दिवस चहा नव्हता, पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. चहामुळेच, असं समजू.
निघताना म्हटलं, "काळजी करू नकोस. आता एक अक्षर लिहिणार नाही."
हि. थांबली. "मंग कागदावरचं पुसंल कोण? लिही. नावासकट लिही. खरं तेवढंच लिही."

२३ जुलै, बुध.
उद्या सदर द्यायचं. सकाळपासून एकच वाक्य झालंय. 'हिराबाईनं तेरा तोडला नव्हता.' सं.ना सांगितलं, यातला शब्द कापलात तर हे शेवटचं सदर. ते "बघतो" म्हणाले.
पुढे काय लिहू? चहा प्यायले, ते लिहायला हवं. आणि खरं तेवढंच म्हणजे हेही, की इतकी वाट पाहायला लावणारा तेरा मला मखमलाबादच्या अळूसारखाच लागला.
हि.ला हे चालेल का, विचारायला सकाळी पेठ रोडला जायचं. बसलेली असली तर.